अडीच एकर, पावसाचा मुलूख आणि मटणाच्या शेळ्या : प्रकल्प नोंदी

१० एप्रिल २०२४

काल पाडवा झाला, आज हिशेबाला बसले. जमीन अडीच एकर, तांबडी, मुरमाड. वीस गुंठे विहिरीखाली, तीस गुंठे भात-रताळ्याची, उरलेली पन्नास गुंठे माळ. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला. शिवारात उभं राहिलं की वैजनाथाचा डोंगर दिसतो, आणि पुढं चंदगड तालुका लागतो.

जागेचं एवढं आधी लिहिते, कारण शेळीपालनाची जी माहिती मिळते ती बहुतेक कोरड्या मुलखाची. उस्मानाबादी शेळी धाराशिवकडची, संगमनेरी नगरकडची, माडग्याळ मेंढी जतची. आपल्याच जिल्ह्यात अथणीला वर्षाचा पाऊस ५००-६०० मिलिमीटर, बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट, आणि आमच्याकडं शहरापेक्षाही चढा. अथणीच्या पाहुण्यांचं वेळापत्रक इथं लावलं की शेळ्या जुलैत वितात आणि करडं ओल्या गोठ्यात हगवणीनं जातात. दरसाल कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात हे बघतेय. त्यामुळं या प्रकल्पाचा पहिला नेम असा : जून ते सप्टेंबर आमच्या गोठ्यात एकही शेळी विणार नाही.

शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. आपल्या भागातल्या शेळ्या बारा महिने माजावर येतात, दर २१ दिवसांनी. म्हणजे सगळं बोकडाच्या हाती, आणि बोकड आपल्या हाती. उलटं मोजलं तर जानेवारीच्या सुरुवातीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बोकड कळपाबाहेर. मे-जूनमध्ये फळलेल्या शेळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला वितील. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, गवत पिकलेलं असतं, रताळ्याची वेल असते.

शेळ्या १६ ठेवायच्या. सगळे म्हणतात, निदान पन्नास तरी कर, त्याशिवाय परवडत नाही. पण ३० किलोच्या शेळीला रोज वजनाच्या चार टक्के सुकं अन्न लागतं, म्हणजे १२०० ग्रॅम. हिरव्या गवतात ८० टक्के पाणीच. नुसतं हिरवं घातलं तर सहा किलो पाहिजे. अर्धं हिरवं, अर्धं सुकं धरलं तर तीन किलो गवत आणि पाऊण किलोच्या आतबाहेर कडबा किंवा भुसकट. पावसाच्या चार महिन्यांत १६ शेळ्यांना सुका चाराच दीड टनाच्या घरात जातो, आणि तो कोरडा ठेवायला जागा लागते. माझ्या माळ्यावर तेवढंच मावतं. कार्तिकात माळ पन्नास शेळ्याही पोसेल, पण जनावरं मोजायची ती श्रावणातल्या चाऱ्यावर.

विहिरीखाली गेल्या वर्षी डीएचएन-६ नेपियर गवत लावलंय, धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचं वाण. पंचेचाळीस दिवसांनी कापणीला येतं. बांधावर शेवगा, हादगा आणि सुबाभूळ आहे. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, ते जास्त झालं तर केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून रोजच्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आतच.

१८ एप्रिल २०२४

बोकड आला. कोकण कन्याळ, कुडाळच्या बाजूचा, दोन दाती. नाकापासून कानापर्यंत पांढरे पट्टे, कानाच्या कडा पांढऱ्या, पाय लांब. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या निळेली केंद्रानं सिंधुदुर्गातल्या शेळ्यांतून निवडून ही जात पुढं आणली. आंबोलीखालच्या पावसात पिढ्या काढलेलं जनावर आमच्या पावसाला घाबरणार नाही, एवढ्याच विचारानं मी बोअर आणि बीटल या जातींचा नाद सोडला. बोअरची वाढ चांगली, यात वाद नाही. पण त्याला लागतो तसा खुराक आणि तशी कोरडी हवा माझ्याकडं नाही.

दाखला घेऊन, आंबोली घाट चढून, चुलत दिरांच्या गाडीतून आणला. तीन आठवडे विहिरीपलीकडच्या जुन्या खोपीत एकटा राहील. त्याचं पाणी वेगळं, पाटी वेगळी, आणि आधी शेळ्यांचं उरकून मगच त्याच्याकडं जायचं. नवीन जनावर सरळ कळपात सोडलं आणि पंधरवड्यात सगळा कळप नाकातोंडानं वाहायला लागला, असं शेजारच्या गावात झालंय.

२ मे २०२४

माच, म्हणजे शेळ्यांचा उंचावरचा गोठा, पुरा झाला. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात शेळी वाचते ती माचावर.

जमिनीपासून साडेचार फूट उंच. लांबी पूर्व-पश्चिम. पश्चिमेच्या अंगाला पत्रा दोन हात पुढं काढलाय, कारण पाऊस तिकडून आडवा येतो. शेळीला दहा-बारा चौरस फूट धरले, करडांसाठी एक कोपरा वेगळा. खाली लाकडी पट्ट्यांची जमीन. दोन पट्ट्यांतली फट दीड सेंटिमीटर. याहून कमी ठेवली तर लेंड्या अडकून ओल धरतात, जास्त ठेवली तर करडाचा खूर आत जातो. सुताराला ते पटेना. त्याच्या मते एवढ्या फटीतून काय पडणार. मी मूठभर लेंड्या आणून पट्टीवर टाकल्या, झाडूचा एक हात मारला आणि दाखवलं. मग त्यानं दीड सेंटिमीटरचा ठोकळा करून घेतला आणि प्रत्येक पट्टी त्या मापानं ठोकली.

माचाखाली उताराचा कोबा आणि चर. मूत चरातून विहिरीच्या उलट्या दिशेला नेपियरकडं जातं. लेंड्या आठवड्याला ओढायच्या.

गव्हाण बाहेरून, शेळीला मान घालता येईल एवढीच. शेळी तुडवलेला चारा खात नाही, त्यामुळं गव्हाणीत पाय गेला की चारा वाया.

खर्च १ लाख ८ हजार. हा भांडवली, वर्षाच्या हिशेबात एकदम धरणार नाही.

९ मे २०२४

आज बोकड कळपात सोडला. जंताचं औषध गेल्या महिन्यातच पाजून घेतलं होतं, कारण अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात चालत नाही, पोटातल्या पिलाला इजा होते.

बोकडाच्या छातीला गेरू आणि गोडेतेल चोळलं. ज्या शेळीच्या पाठीवर तांबडं दिसेल तिची तारीख वहीत. तीन आठवड्यांनी त्याच शेळीवर परत तांबडं दिसलं तर ती गाभण ठरली नाही. सासूबाईंना हे फार आवडलं, त्या सकाळी उठून आधी शेळ्यांच्या पाठी बघून येतात.

२४ मे २०२४

आंत्रविषाराची लस झाली, पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. ही पावसाआधीच टोचायला पाहिजे. पहिल्या पावसावर कोवळं, लुसलुशीत गवत येतं, शेळी अधाशासारखी खाते, आणि आतड्यातले जिवाणू एकदम वाढून विष सोडतात. संध्याकाळी चांगलं असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. तिथं औषधाला वेळच मिळत नाही. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस सगळ्यांना गेल्या वर्षीच दिलीय, ती साधारण तीन वर्षं पुरते.

दवाखान्यातून मिळालेलं लसीचं कार्ड कानडीत आहे. शेजारच्या आण्णांच्या मुलाकडून वाचून घेतलं आणि तारखा माझ्या वहीत मराठीत उतरवल्या.

१३ जून २०२४

पाऊस लागला. माळाचे पाच तुकडे केलेत, मधे जाळी आणि निरगुडीचं कुंपण. एका तुकड्यात चार दिवस चराई, मग पुढचा. शेळीच्या लेंडीतून पडलेली जंताची अंडी उबदार ओलीत फुटून साधारण पाच-सात दिवसांत अळी गवतावर चढते. त्याआधी शेळ्या तिथून निघाल्या पाहिजेत. परत यायचं ते किमान पाच आठवड्यांनी, कारण तोवर खायला न मिळालेल्या बऱ्याच अळ्या मरतात. पाच तुकड्यांत हे गणित बसत नाही. चार पंचे वीस, म्हणजे एकविसाव्या दिवशी पहिल्या तुकड्यावर. म्हणून मधले पंधरा-सोळा दिवस माचावर नेपियर आणि पाला.

सकाळी दव उतरेपर्यंत सोडायचं नाही. अळ्या ओल्या गवतात, जमिनीपासून चार बोटांच्या आत असतात. गवत वीतभर असतानाच शेळ्या काढून घेतल्या तर निम्मा त्रास वाचतो.

२६ जुलै २०२४

पाऊस थांबायचं नाव नाही. मार्कंडेयच्या काठची भातं पाण्याखाली. शाळांना सुट्टी. शेळ्या माचावरच.

सुकं : सोयाबीनचं भुसकट आणि शेंगांचा पाला. हिरवं : नेपियर कापून आदल्या दिवशी पडवीत पसरते, दुसऱ्या दिवशी कुट्टी करून घालते. ओलं तसंच घातलं तर लेंडी पातळ होते. मीठ आणि खनिज मिश्रणाची वीट टांगलीय.

एक बरं दिसतंय. बोकड पाण्यापावसात निवांत उभा असतो. गावठी शेळ्या पत्र्याच्या मधोमध गर्दी करतात.

११ ऑगस्ट २०२४

चार दिवस उघाड मिळाली, सगळ्यांचे डोळे बघितले. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. लालभडक असेल तर ठीक. गुलाबीवर लक्ष ठेवायचं. पांढुरकी झाली की रक्त पिणारे जंत पोटात वाढलेत. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता काढलाय, फमाचा नावाचा. डॉक्टरांनी त्याचा फोटो दिला, तो छापून माचाच्या खांबाला लावलाय. पण हे उजेडात, सावलीबाहेर बघायचं. माचाच्या अंधारात सगळ्याच पापण्या फिकट दिसतात.

सोळांपैकी तिघींच्या पापण्या फिकट. एकीच्या जबड्याखाली पाणी भरून थुलथुलीत सूज आलेली. त्या तिघींनाच औषध दिलं, वजन करून. फेनबेंडाझोल, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत. शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते, हे त्यांनी ठासून सांगितलं. कमी मात्रेनं अर्धे जंत मरतात, आणि जगलेले औषधाला दाद देईनासे होतात. सरसकट दर महिन्याला सगळ्यांना पाजणंही त्याच कारणानं वाईट. तेरा शेळ्यांना औषधाची गरजच नव्हती.

सूज आलेलीला पेंड वाढवली. रक्त भरायला प्रथिनं लागतात, नुसत्या जंताच्या औषधानं ती उभी राहणार नाही.

२५ ऑगस्ट २०२४

जबड्याची सूज उतरली. पापणी गुलाबी.

१० सप्टेंबर २०२४

श्रावणात मटणाला गिऱ्हाईक नव्हतं, गणपतीतल्या उंदरीला, म्हणजे घरोघर मटण शिजवायच्या दिवशी, एकदम उसळलं. खाटकांच्या दुकानांपुढं रांगा. व्यापारी दारात येऊन गेला, दोन गाभण शेळ्या मागितल्या. गाभण शेळी कापायला द्यायची नाही, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

शेवटचे दीड महिने म्हणून शेळ्यांना रोज अडीचशे ग्रॅम खुराक चालू केला : मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, थोडं मीठ. पोटातल्या पिलाची बहुतेक वाढ याच काळात होते, आणि त्यानं जागा व्यापल्यामुळं शेळीला चारा तर कमीच जातो. इथं पैसे वाचवले की दोन किलोच्या आतलं करडू होतं, आणि तसं करडू थंडीत टिकत नाही.

७ ऑक्टोबर २०२४

नवरात्रात पहिली शेळी व्याली. जुळं, पाट (मादी करडू) आणि बोकड. २.३ आणि २.१ किलो. नाळेला टिंचर आयोडीन, आणि तासाच्या आत चीक. दुसऱ्याला ओढायची ताकद नव्हती, सासूबाईंनी बोटावर चीक घेऊन जिभेवर लावला, मग त्यानं स्तन धरला. पहिल्या दिवसात वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे, तोही लवकर. करडाच्या आतड्याला चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घ्यायला थोडेच तास मिळतात.

१७ नोव्हेंबर २०२४

वेणं संपली. १६ पैकी १४ व्याल्या. २३ करडं झाली. एक तिळ्यातलं दीड किलोचं दुसऱ्या दिवशी गेलं, एक हगवणीनं. २१ जगली, ११ बोकड आणि १० पाटी. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीत एका घरी नऊ जन्मली होती आणि चार उरली होती. आमचा कोपरा कोरडा होता, आणि ऊन होतं. मी याचं श्रेय जातीला देत नाही, महिन्याला देते.

शिवारात रताळी काढणी जोरात आहे. वेल कुणी विकत नाही, बांधावर टाकतात. मी टेंपो लावून आणते. माती झटकायची, एक दिवस सुकवायची, मग घालायची. वेलीचा पाला पचायला हलका, प्रथिनं चांगली, दूध लगेच वाढतं. आणण्याआधी फवारणी कधी झाली ते विचारून घ्यायचं. आणि वेलीबरोबर आलेली काळी पडलेली, बुरशी धरलेली रताळी निवडून बाजूला काढायची. सडक्या रताळ्यात फुप्फुसाला घातक विष तयार होतं, जनावर धापा टाकून मरतं. हे पश्चिम भागात प्रत्येक शेळीवालीला माहीत पाहिजे, कारण सगळ्यांच्या बांधावर हा ढीग पडलेला असतो.

८ डिसेंबर २०२४

भात कापून झालं. सगळ्यांची जनावरं मोकळ्या भातरानात सुटली, माझी नाही. पाणी साचलेल्या भातरानात लहान गोगलगायी असतात, त्यांच्यातून यकृतातला चपटा कृमी गवतावर येतो. त्याला नेहमीचं जंताचं औषध पुरत नाही. बांध चांगला वाळला आणि चर कोरडे झाले की सोडीन, जानेवारीत.

शेजारच्या शिवारात संत बाळूमामांच्या मेंढरांचा बग्गा (फिरता कळप) उतरलाय. बाळूमामा मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या निपाणीजवळच्या अक्कोळचे, समाधी आदमापूरला. बग्गा शिवारात बसला तर रान पिकतं असं सगळे मानतात, आणि एवढी मेंढरं रात्रभर बसल्यावर खत पडतं हे दिसतंच. आम्हीही भाकरी घेऊन आरतीला गेलो. माझ्या शेळ्या मात्र त्या बाजूला वळवल्या नाहीत. फिरणाऱ्या कळपांत पीपीआर आणि देवीचा रोग सहज पसरतात, आणि माझी करडं अजून लसीच्या वयाची नाहीत. बग्ग्यातल्या धनगर मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरुबर हाय बाई, आमीबी नव्या मेंढराला महिनाभर येगळंच ठेवतो."

१५ जानेवारी २०२५

करीचा दिवस. बोकड महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढलाय. करडंही आईपासून तोडली. तीन महिन्यांची थोरली करडं सरासरी ९.४ किलो. वजनाला काट्याखाली पोत्याची झोळी बांधलीय, चार कोपरे उचलले की करडू निमूट बसतं. थोरल्यांना पीपीआरची लस झाली.

थोरल्या बोकडांपैकी चार डॉक्टरांकडून चिमट्यानं खच्ची करून घेतले. हे चार बकरी ईदसाठी, पण यंदाच्या नाही. यंदाची ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा हे आठ महिन्यांचे असतील. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा लागतो, आणि गिऱ्हाईक दोन पक्के दात बघूनच घेतं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, पुढची मे २०२६च्या अखेरीस. त्या चौघांचे कान कापून खूण करायची नाही, शिंगं सांभाळायची. कान कापलेलं, शिंग मुळातून मोडलेलं, लंगडं जनावर तिथं चालत नाही. त्यांच्या गळ्यात रंगीत मण्यांची दोरी घातलीय, वहीतही तोच रंग.

१६ मार्च २०२५

धुळवडीला व्यापारी पाच महिन्यांची करडं मागत होता. वजनं १३ ते १४ किलो. दिली नाहीत. या वयात दिवसाला ७५-८० ग्रॅम वाढतात आणि खुराक थोडाच खातात. विकायची ती वाढ मंदावल्यावर, आत्ता नाही.

ऊन तापलंय, माळ करपलाय. नेपियरला पाणी आठवड्यातून एकदा. शेवगा छाटून पाला. शेजारच्या आण्णांची ज्वारी काढून झाली, त्यांनी बोलावून सांगितलं, फुटवे आलेत, शेळ्या सोडा. त्यांचे आभार मानले, पण शेळ्या सोडल्या नाहीत. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड असतं, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. त्यांची स्वतःची गाय तिथं जाऊ नये म्हणून त्यांनाही समजावलं.

२७ एप्रिल २०२५

यात्रेच्या आधी सात बोकड विकले. गोव्याला माल नेणारा व्यापारी होता. पाठीवर हात टाकून एका आकड्यात सगळे मागत होता. मी काटा लावला.

"काटा कशाला ओ वैनी, उचलून सांगतो की," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही उचलून सांगा, मग काट्यावर बघूया." पहिला बोकड त्यानं १५ किलो सांगितला, काट्यावर १७.८ आला. पुढचे सहा काट्यावरच झाले. एकूण १२३ किलो, ४०० रुपये किलोनं ४९,२०० रुपये. यांच्यातल्या कुणालाही गेल्या दीड महिन्यात औषध दिलेलं नाही, ते वहीत दाखवलं. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस मांस खायचं नाही ते लिहिलेलं असतं, ते पाळल्याशिवाय आपण जनावर विकायचं नाही.

ज्यांच्याकडं काटा नाही त्यांनी निदान फीत ठेवावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करून खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं, आणि ६६० नं भागायचं. घेर २७, लांबी २४ असेल तर साडेसव्वीस किलो. माझ्या काट्याशी किलोभर इकडंतिकडं जुळतं. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण पडतं, म्हणजे बाजारातला मटणाचा दर माहीत असला की व्यापाऱ्याच्या आकड्यात किती अंतर आहे ते दारातच कळतं.

बायकांनी ठेवलेली शेळी आणि पुरुषांनी केलेला सौदा, असं आमच्या भागात फार चालतं. वजन जिला माहीत तिनं बोलावं.

२५ मे २०२५

यंदा पाऊस मेमध्येच कोसळला. चार-पाच दिवस सलग. मान्सून काल केरळात आल्याचं रेडिओवर सांगितलं, इथं त्याआधीच शेतं भरलीत. गोकाककडून मागवलेला कडबा गेल्या पंधरवड्यात माळ्यावर चढला होता, म्हणून वाचला. गावात बऱ्याच गंज्या उघड्यावर भिजल्या. भिजून काळा पडलेला कडबा वाळवून घालू नका म्हणून तिघींना निरोप दिलाय, बुरशीचा चारा पोटात गेला तर गाभण शेळी गाभडते.

आंत्रविषाराची लस मेच्या पहिल्या आठवड्यातच घेतली होती. बोकडही ५ मेला सोडलाय, बहुतेक शेळ्यांच्या पाठी तांबड्या झाल्यात. पापण्या बघायचं काम मात्र महिनाभर आधी सुरू करावं लागेल.

८ जून २०२५

काल बकरी ईद झाली. आज वर्षाची बेरीज.

बोकड सात, ४९,२००. पाच पाटी गावातच पाळायला दिल्या, प्रत्येकी ७,०००. एकूण ८४,२००. खुराक, लस, औषधं, कडबा, वाहतूक मिळून ३१,४००. हातात ५२,८००. लेंडीखत रताळ्याच्या रानाला घातलं, विकलं असतं तर तेही पैसे झाले असते. चार खच्ची बोकड गोठ्यात आहेत, सरासरी २० किलो, त्यांचा हिशेब पुढच्या साली.

यात मजुरी धरलेली नाही. सासूबाई आणि मी, दोघींचे मिळून रोज चार-पाच तास जातात. गावातल्या मजुरीनं ते मांडले तर हातातले पैसे पुरत नाहीत. सोळा शेळ्यांवर एक घर चालत नाही, पण घरातल्या शेतीला जोड म्हणून भात-रताळ्याच्या रानात एवढे पैसे दुसऱ्या कशातून निघत नाहीत. पुढच्या साली मजुरीचा रकाना वहीत पहिल्या पानापासून असेल.

शेळ्या वाढवायच्या का, यावर घरात बोलणं झालं. दीर म्हणतात तीस करूया. मी माळ्याकडं बोट दाखवलं. आणखी एक माळा बांधला आणि विहिरीखालची दहा गुंठे जास्त नेपियरला दिली तर वीस-बाविसापर्यंत जाईन, त्यापुढं नाही.

ठेवलेल्या पाच पाटी आता वीस किलोच्या जवळ आल्यात. २३-२४ किलो झाल्याशिवाय त्यांना बोकड दाखवायचा नाही, नाहीतर त्यांची स्वतःची वाढ तिथंच थांबते. ऑक्टोबरात फळल्या तर मार्चमध्ये वितील, तोही महिना कोरडा. पण आत्ताचा बोकड त्यांचा बाप आहे, त्यामुळं तोवर दुसरा हवा. कुडाळच्या त्याच घराशी बोलणं झालंय, गणपतीनंतर अदलाबदल करायची. हा बोकड तिकडं जाईल, आणि त्यांच्या दुसऱ्या रक्ताचा इकडं येईल. विहिरीपलीकडची खोप तेवढ्यात शाकारून घ्यायची आहे, गेल्या आठवड्यात दोन ठिकाणी गळली.